व्यक्ती तितक्या प्रकृती : डॉ. सॅम्युएल हानेमान यांचे जीवनकार्य

साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोड गोळ्या, काचेची इवलीशी बाटली आणि औषधापेक्षाही लांबणारी विचारपूस, एवढी होमिओपॅथीची ओळख पुण्यातील बहुतेक कुटुंबांना असते. सर्दीची तक्रार घेऊन गेलेल्या रुग्णाला डॉक्टर झोपेविषयी विचारतात, तहानेविषयी विचारतात, राग येतो की रडू येते हेही विचारतात. नवख्या माणसाला याचे नवल वाटते. त्याहून अधिक नवल तेव्हा वाटते, जेव्हा त्याच बाकावर बसलेल्या दुसऱ्या सर्दीच्या रुग्णाला निराळेच औषध मिळते. रोगाचे नाव एक असले तरी रोगी एक नसतात, हा विचार त्यामागे आहे. आयुर्वेदातील प्रकृतिविचारामुळे तो आपल्याला अगदी परका नाही. मात्र युरोपात ज्या काळी ताप म्हटला की रक्त काढायचे आणि पोट म्हटले की जुलाब द्यायचा असा सरधोपट व्यवहार होता, त्या काळी हा विचार धरून बसणाऱ्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागली. त्या माणसाचे नाव डॉ. सॅम्युएल हानेमान.

जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात मायसेन नावाचे गाव आहे. चिनी मातीच्या उत्कृष्ट भांड्यांसाठी ते जगप्रसिद्ध आहे. तेथील कारखान्यात भांड्यांवर चित्रे रंगविणाऱ्या एका कारागिराच्या घरी १० एप्रिल १७५५ रोजी क्रिस्तियान फ्रीडरिश सॅम्युएल हानेमान यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची होती. मुलाने शिकण्यापेक्षा चार पैसे मिळवावेत असे वडिलांना वाटे, म्हणून त्यांनी त्याला लाइपझिग शहरातील एका किराणा दुकानात उमेदवारीसाठी ठेवले. मुलगा तेथे रमला नाही आणि घरी परतला. वडिलांच्या नकळत मातीचा दिवा करून तो रात्री अभ्यास करीत असे, अशी आख्यायिका आहे. शिक्षकांनी मात्र त्याची बुद्धी ओळखली आणि शुल्क न घेता त्याला शिकविले. ग्रीक, लॅटिन, इंग्रजी, फ्रेंच अशा अनेक भाषा त्याने आत्मसात केल्या. पुढे याच भाषांनी त्याला जगविले.

१७७५ साली अवघे वीस थालर खिशात घेऊन हानेमान लाइपझिगला वैद्यक शिकण्यास गेले. दिवसा व्याख्याने आणि शिकवण्या, रात्री इंग्रजी ग्रंथांची भाषांतरे, असा त्यांचा क्रम होता. लाइपझिगमध्ये रुग्णशय्येजवळचे शिक्षण मिळत नव्हते, म्हणून ते व्हिएन्नाला गेले आणि तेथील इस्पितळात नऊ महिने राहिले. पैसे संपले. तेव्हा ट्रान्सिल्व्हानियाचे गव्हर्नर ब्रुकेनथाल यांच्याकडे त्यांनी ग्रंथपाल आणि घरचे वैद्य म्हणून नोकरी धरली. तेथील नाण्यांचा संग्रह त्यांनी लावून दिला. नोंदी ठेवण्याची आणि वर्गवारी करण्याची आवड तेव्हापासूनच दिसते. १७७९ मध्ये एर्लांगेन विद्यापीठाची वैद्यक पदवी त्यांनी मिळविली आणि १७८२ मध्ये योहाना हेन्रिएटे हिच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला अकरा अपत्ये झाली.

त्या काळचे वैद्यक आजच्या वाचकाला भयंकर वाटेल. रोग्याची शीर कापून रक्त काढणे, जळवा लावणे, अंगावर फोड आणणे, पाऱ्याचे मोठाले डोस देणे, हे सारे प्रतिष्ठित उपचार होते. अनेक द्रव्ये एकत्र घोटून एकच काढा दिला जाई. त्यातील कोणत्या द्रव्याने काय झाले हे कोणालाच सांगता येत नसे. आपल्या हातून रुग्ण बरे होण्याऐवजी अधिक दुर्बळ होत आहेत, हे हानेमान यांच्या मनाला बोचू लागले. काही वर्षांच्या अनुभवानंतर त्यांनी व्यवसाय जवळजवळ सोडून दिला आणि भाषांतराच्या मजुरीवर घर चालविण्याचे ठरविले. पदरी मोठे कुटुंब असताना चालता धंदा बंद करणे म्हणजे काय, हे व्यापारी समाजातील वाचकांना वेगळे सांगावयास नको. लाइपझिगजवळच्या एका खेड्यात सारे कुटुंब एका खोलीत राहत असे. खोलीच्या एका कोपऱ्यात पडदा लावून त्यामागे हानेमान रात्र रात्र लिहीत आणि भाकरीचे तुकडे तोलून मुलांना सारखे वाटले जात, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना गाडी उलटली आणि त्या अपघातानंतर तान्हा मुलगा दगावला. बायकोने या सगळ्यात कसे दिवस काढले असतील याविषयी चरित्रग्रंथ फारसे बोलत नाहीत.

१७९० साली स्कॉटलंडचे प्रसिद्ध वैद्य विल्यम कलेन यांच्या औषधिग्रंथाचे भाषांतर ते करीत होते. हिवतापावर सिंकोनाची साल गुणकारी असते, याचे कलेन यांनी दिलेले कारण हानेमान यांना पटले नाही. त्यांनी स्वतः निरोगी अवस्थेत ती साल काही दिवस घेऊन पाहिली. हातपाय गार पडणे, ग्लानी, धडधड, तहान अशी हिवतापासारखी लक्षणे त्यांना जाणवली. निरोगी माणसात जे द्रव्य जी लक्षणे उत्पन्न करते, तशाच लक्षणांच्या रोगावर ते उपयोगी पडावे, ही कल्पना येथून जन्मली. पुढे इतरांनी हा प्रयोग करून पाहिला तेव्हा सर्वांना तसा अनुभव आला नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. हानेमान यांनी मात्र कुटुंबीय, मित्र आणि पुढे विद्यार्थी यांच्यावर एकेका द्रव्याची चाचणी घेऊन त्यांच्या लक्षणांच्या याद्या केल्या. १७९६ मध्ये एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आपले तत्त्व प्रसिद्ध केले. होमिओपॅथीचा आरंभ याच वर्षापासून मानतात.

रोग्याकडे माणूस म्हणून पाहण्याची त्यांची वृत्ती मात्र त्याच्याही आधी प्रकट झाली होती. १७९२ साली हॅनोव्हर राज्यातील क्लॉकेनब्रिंग नावाचा वरिष्ठ अधिकारी वेडाच्या भरात त्यांच्याकडे आणण्यात आला. गोथाच्या ड्यूकने त्यासाठी आपल्या एका वाड्यात जागा दिली होती. त्या काळी वेड्यांना साखळदंडाने बांधीत आणि चाबकाने मारीत. हानेमान यांनी पहिले सुमारे दोन आठवडे कोणतेही औषध दिले नाही. ते केवळ त्याच्याजवळ राहून त्याचे बोलणे, चालणे, खाणे, संतापणे निरखीत राहिले. मारहाण आणि बंधने त्यांनी पूर्ण वर्ज्य केली. रुग्ण काही महिन्यांनी बरा होऊन घरी गेला. त्यात औषधाचा वाटा किती आणि सौजन्याचा किती, हे आज कोण सांगणार?

१८१० मध्ये त्यांचा ‘ऑर्गनॉन’ हा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील रुग्णाची माहिती कशी घ्यावी हे सांगणारा भाग आजही वाचण्याजोगा आहे. रोग्याला मध्येच थांबवू नये, कारण तोडलेला धागा पुन्हा तसाच जुळत नाही. त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहावे. प्रत्येक तक्रार नव्या ओळीवर घ्यावी आणि मध्ये जागा सोडावी, म्हणजे मागाहून मिळालेला तपशील तेथेच भरता येईल. नातेवाईक आणि शुश्रूषा करणारे काय सांगतात तेही टिपावे. नुसते हो किंवा नाही असे उत्तर येईल असा प्रश्न विचारू नये, कारण लाजेने वा आळसाने रोगी भलतेच होकार देतो. दुखणे केव्हा वाढते, कशाने थांबते, कोणत्या कुशीवर झोप लागते, काय खावेसे वाटते, मन कसे असते, हे सारे विचारावे. सर्वांना होणाऱ्या सामान्य लक्षणांपेक्षा या रोग्यापुरते जे विलक्षण आणि वेगळे आहे त्याला अधिक वजन द्यावे. चोख व्यापारी ज्या काटेकोरपणे रोजकीर्द लिहितो, तोच काटेकोरपणा येथे दिसतो.

आपल्या उपचारांच्या हकिकती छापाव्यात असा आग्रह त्यांना अनेकांनी केला. ते टाळीत आले. एका रोग्याची हकिकत छापली की वाचणारा ती नमुना समजून दुसऱ्याला तेच औषध देईल, ही त्यांची भीती होती. तयार कपड्यांच्या दुकानात एकाच मापाचा सदरा सर्वांच्या अंगावर चढवावा, तशातली ही गोष्ट होईल. अखेर फार आढेवेढे घेऊन त्यांनी दोन हकिकती आपल्या औषधिग्रंथात घातल्या. दोन्ही १८१५ सालच्या, आणि दोन्ही पोटाच्या दुखण्याच्या आहेत.

पहिली रुग्ण होती एक चाळिशी ओलांडलेली धडधाकट धोबीण. तीन आठवड्यांपासून तिचे काम बंद होते आणि हातावर पोट असल्याने घरची चूल अडली होती. जराशी हालचाल केली, पाऊल टाकले, विशेषतः पाऊल चुकीचे पडले, की पोटाच्या वरच्या खळगीत कळ मारी. पडून राहिली की काहीच दुखत नसे. पहाटे तीननंतर झोप येत नसे. अन्नाची चव लागे, पण थोडे खाताच मळमळे आणि तोंडाला पाणी सुटे. स्वभाव तापट होता. हानेमान यांनी ही लक्षणे अनेक औषधांच्या यादीशी ताडून पाहिली आणि ब्रायोनिया या वेलीच्या मुळाच्या रसाचा एक थेंब दिला. दोन दिवसांनी येण्यास सांगितले होते, परंतु ती आलीच नाही. शंकेखोर असलेला त्यांचा एक वैद्य मित्र मुद्दाम तिच्या गावी चौकशीस गेला, तेव्हा ती कपडे धूत होती. दुसऱ्याच दिवशी बरे वाटले, मग डॉक्टरकडे हेलपाटा घालण्यात कामाचा दिवस कशाला बुडवायचा, असा तिचा हिशेब होता.

दुसरा रुग्ण बेचाळीस वर्षांचा, फिकट, अशक्त, दिवसभर टेबलाशी बसून काम करणारा गृहस्थ होता. त्यालाही मळमळ होती. रात्री दोनच्या सुमारास आंबट उलटी होई, घाणेरडे ढेकर येत, अन्न पोटात कच्चेच पडले आहे असे वाटे आणि बारीकसा आवाजही डोक्याला सहन होत नसे. पण हा माणूस मृदू, शांत आणि सोशिक होता. त्याला ब्रायोनिया मिळाले नाही. पल्सॅटिला नावाच्या रानफुलाचे औषध अत्यल्प मात्रेत त्याला देण्यात आले. तोही दुसऱ्या दिवशी बरा झाला, असे हानेमान लिहितात. पोटदुखीचे एक औषध असे त्यांच्या लेखी नव्हतेच. एक तापट धोबीण होती आणि एक सोशिक गृहस्थ होता.

या पद्धतीतून एक व्यवहारी अडचण उभी राहिली. प्रत्येक रोग्यासाठी एकच द्रव्य, तेही अगदी सूक्ष्म मात्रेत द्यावयाचे, म्हणून हानेमान औषध स्वतःच्या हाताने तयार करीत. कायद्याप्रमाणे औषध बनविण्याचा हक्क औषधविक्रेत्यांचा होता. त्यांच्या धंद्यावर गदा आली आणि लाइपझिगच्या औषधविक्रेत्यांनी तक्रार गुदरली. त्याच सुमारास नेपोलियनविरुद्धच्या युद्धातील विजयी सेनानी प्रिन्स श्वार्झेनबर्ग उपचारांसाठी आले आणि १८२० मध्ये लाइपझिग येथे मरण पावले. विरोधकांना आयतेच निमित्त मिळाले. औषध स्वतः देण्यास बंदी झाल्यावर १८२१ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी पुन्हा बिऱ्हाड हलविले. क्योथेनच्या ड्यूकने त्यांना आश्रय आणि औषध देण्याची मोकळीक दिली. तेथे ते चौदा वर्षे राहिले.

इतका मोठा माणूस आपल्याच तत्त्वाला सर्वत्र जागला काय, हा प्रश्न चरित्र वाचताना पडतो. लाल पुरळ उठणाऱ्या स्कार्लेट तापाच्या साथीत त्यांनी प्रतिबंधासाठी सर्व मुलांना बेलाडोना हे एकच औषध सुचविले होते. १८३१ च्या पटकीच्या साथीत, पटकीचे रोगी स्वतः न पाहता, आलेल्या वृत्तांतांवरून त्यांनी आरंभीच्या अवस्थेत सरसकट कापूर देण्यास सांगितले. साथीचा रोग अनेकांत मिळून एकच चित्र दाखवितो, असे त्यांचे समर्थन होते. १८२८ मध्ये त्यांनी जुनाट रोगांवर ग्रंथ लिहिला आणि बहुतेक जुनी दुखणी तीनच मुळांतून येतात असे मांडले. त्यावर त्यांचे निष्ठावंत शिष्यही बुचकळ्यात पडले. मतभेद त्यांना सहन होत नसत. लाइपझिगमधील जे अनुयायी जुने आणि नवे उपचार एकत्र करीत, त्यांच्यावर त्यांनी १८३२ मध्ये वृत्तपत्रातून जाहीर आसूड ओढले. रोग्याचे बोलणे अखंड ऐकून घेणारा हा वैद्य शिष्यांचे बोलणे मात्र ऐकून घेत नसे. त्यांच्या मोठेपणाला याने बाध येतो असे नाही, पण हा उणेपणा झाकून ठेवणेही बरे नव्हे.

औषधाच्या सूक्ष्म मात्रेचा वादही टाळता येण्यासारखा नाही. दर टप्प्याला शंभर पट पातळ करीत गेल्यास बाराव्या टप्प्यापुढे मूळ द्रव्याचा एकही अणुरेणू उरण्याची शक्यता जवळजवळ नसते. हानेमान तिसाव्या टप्प्यापर्यंत जात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यासांची तपासणी केली आणि कोणत्याही रोगावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा नसल्याचा निष्कर्ष काढला. आधुनिक विज्ञानाचे सर्वसाधारण मत तेच आहे. अनुयायी आपल्या अनुभवाचा दाखला देतात. हृदयविकार, कर्करोग, तीव्र ताप अशा दुखण्यांत कोणाही कुटुंबाने केवळ गोळ्यांच्या विश्वासावर वेळ घालवू नये, हे सांगणे आवश्यक आहे. धोबीण आणि तो गृहस्थ आपोआपच बरे झाले असते काय, हेही या दोन हकिकतींवरून ठरविता येत नाही. जाता जाता आणखी एक गोष्ट. या पद्धतीत वनस्पती आणि खनिजांबरोबर शिंपल्यासारखे काही प्राणिज पदार्थही मूळ द्रव्य म्हणून वापरतात आणि अर्कांसाठी मद्यार्क लागतो. व्रतनियम पाळणाऱ्यांनी डॉक्टरांकडून तेवढे विचारून घ्यावे.

१८३० मध्ये योहाना निवर्तल्या. हानेमान पंचाहत्तरीचे झाले होते आणि त्यांचे आयुष्य आता संपत आले असे सर्वांना वाटत होते. १८३४ च्या ऑक्टोबरात पॅरिसहून मेलानी देर्व्हिली नावाची चौतीस वर्षांची चित्रकार स्त्री, प्रवासाच्या सोयीसाठी पुरुषी वेष करून, उपचारांसाठी क्योथेनला आली. तीनच महिन्यांत, १८ जानेवारी १८३५ रोजी, त्यांचा विवाह झाला. गावात चर्चा व्हायची ती झालीच. जून महिन्यात दोघे पॅरिसला गेली आणि ऐंशीव्या वर्षी हानेमान यांचा व्यवसाय नव्याने बहरला. विख्यात व्हायोलिनवादक पागानिनी १८३७ मध्ये त्यांच्याकडे रुग्ण म्हणून आला होता. मेलानी शेजारच्या टेबलाशी बसून रोग्यांच्या हकिकती लिहून घेई आणि हळूहळू स्वतः उपचार करू लागली.

पॅरिसमध्येच त्यांना भेटलेल्या होनिगबर्गर या ट्रान्सिल्व्हानियाच्या वैद्याने १८३९ मध्ये लाहोरला महाराजा रणजितसिंह यांच्यावर उपचार केले. भारतभूमीवर होमिओपॅथी प्रथम आली ती अशी, असे सामान्यतः मानतात. पुढे कलकत्त्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी, आधी विरोधक असूनही, १८६७ मध्ये तिची जाहीर बाजू घेतली आणि व्यवसायबंधूंचा रोष पत्करला. आपल्या महाराष्ट्रात मुंबईचे डॉ. शंकर रघुनाथ फाटक हे मूळचे आधुनिक वैद्यकाचे डॉक्टर या मार्गाकडे वळले. लक्षणांवरून औषध शोधण्यासाठी त्यांनी वर्णानुक्रमे रचलेला संक्षिप्त कोश आजही अभ्यासक वापरतात. देशात या शिक्षणाला १९७३ च्या केंद्रीय कायद्याने एकसूत्रीपणा आला आणि २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय आयोग स्थापन झाला. पुण्यात धोंडुमामा साठे यांच्या नावाने चालणाऱ्या महाविद्यालयासारख्या संस्थांत विद्यार्थ्यांना रुग्णाची हकिकत घेण्याचे जे पाठ दिले जातात, त्यांचा पाया ‘ऑर्गनॉन’मधील त्याच परिच्छेदांत आहे.

२ जुलै १८४३ रोजी पहाटे वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी पॅरिस येथे हानेमान यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला मोजकीच माणसे होती. देह आधी मोंमार्त्र येथे पुरला आणि १८९८ मध्ये पेर लाशेझ या मोठ्या दफनभूमीत हलविला. परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल मेलानीवर १८४७ मध्ये खटला होऊन तिला शंभर फ्रँक दंड झाला. ‘ऑर्गनॉन’ची सहावी आवृत्ती हानेमान यांनी १८४२ मध्ये तयार करून ठेवली होती. ते हस्तलिखित तिच्याकडे आणि नंतर तिच्या वारसांकडे पडून राहिले व १९२१ मध्ये छापले गेले. रोग्यांच्या नोंदींच्या चौपन्न वह्याही शिल्लक आहेत, सदतीस जर्मन भाषेत आणि सतरा फ्रेंच भाषेत. श्टुटगार्ट येथील वैद्यकेतिहास संस्थेत त्या जपून ठेवल्या आहेत आणि तेथील अभ्यासक त्या एकेक करून छापून प्रसिद्ध करीत आले आहेत.